आत्याच्या रेडिओची खरखर

लालबागला माझी आत्या राहते. वयाची पंच्याऐंशी वर्षे उलटून गेली. जुन्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर तिची खोली. दहा फूट रुंद, बारा फूट लांब. तेवढ्यात ती, तिचा मुलगा, सून आणि नातू. काचबिंदूने डोळे गेले, तेव्हापासून तिला माणसांच्या सावल्या तेवढ्या दिसतात. टीव्ही लावला काय, न लावला काय, तिला सारखेच. दिवसभर तिला सोबत असते ती उशाशी ठेवलेल्या रेडिओची.

लालबाग, परळ हा मुंबईतल्या कापड गिरण्यांचा भाग. आपल्या गावाकडची हजारो माणसे तिथे पोटासाठी गेली. सातारची गेली, कोकणातली गेली. माझे वडील गेले, आत्याचे यजमानही गेले. गिरण्या आता राहिल्या नाहीत. चाळी मात्र काही उरल्या आहेत.

दिवाळीनंतर एका रविवारी मी आत्याला भेटायला गेलो. अजून चप्पल काढतो आहे, तोच ती म्हणाली, "आलास का मास्तर? बस. आधी ह्या डब्याकडं बग. दोन म्हयनं झालं, भजी तळल्यागत आवाज करतोय. माणूस काय बोलतंय ते कळंना झालंय."

मी रेडिओ लावून पाहिला. खरेच होते. बाई बातम्या देत होत्या आणि त्यांच्या आवाजावर सारखे चुर्रर्र, चुर्रर्र चालले होते.

नातू म्हणाला, "काका, किती वेळा सांगितलं आजीला. हा डबा भंगारवाल्याला देऊ. मोबाइलवर सगळं ऐकू येतं."

आत्या चिडली. "त्या पावसाच्या दिवशी तुझ्या बापाकडं मोबाइल हुता. लागला का? कोण बोलत हुतं त्या रात्री? ह्योच बोलत हुता न्हवं?"

तो दिवस मुंबईचा माणूस विसरणार नाही. २००५ सालच्या जुलैची २६ तारीख. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. आपल्याकडे माणदेशात सहसा वर्षभरातही इतका पडत नाही. आणि त्याच दिवशी कुलाब्याला पडला फक्त ७३ मिलिमीटर. म्हणजे गिरगाव-कुलाब्याच्या माणसाने खिडकीतून बाहेर पाहिले, तर उपनगरात काय चालले आहे याची त्याला कल्पनाही येऊ नये. गाड्या बंद पडल्या. उपनगरांत वीज गेली. फोन लागेनात. आत्याचा मुलगा कुर्ल्याला कामावर अडकला होता. आत्या रात्रभर रेडिओ कानाशी धरून बसली. गाड्या कुठे थांबल्या, पाणी कुठे भरले, हे तिला रेडिओवरून कळत होते. मुलगा दुसऱ्या दिवशी दुपारी चालत घरी आला. तोवर तिने रेडिओ बंद केला नाही. मध्ये सेल संपले, तर शेजाऱ्यांच्या बॅटरीतले काढून घातले.

म्हणून भंगाराचा विषय निघाला की ती चिडते. मी म्हटले, "आत्या, थांब. आधी रेडिओ बिघडलाय का, ते तर पाहू."

ते पाहणे सोपे आहे. रेडिओ सेलवर चालत होता. तसाच चालू ठेवून मी तो उचलला आणि बाहेर गॅलरीत कठड्यापाशी नेला. खरखर निम्मी झाली. बाई काय बोलतात ते स्वच्छ कळू लागले. वाचकहो, एवढ्यावरून काय ठरले? रेडिओ बिघडलेला नाही. खोलीत त्याला ऐकू येत नव्हते, बाहेर आल्यावर ऐकू आले. म्हाताऱ्या माणसाशी आपण जवळ जाऊन बोलतो ना, तसेच झाले. नवा रेडिओ आणून त्याच फळीवर ठेवला असता, तर तोही असाच तळत बसला असता.

मग रेडिओला ऐकू कशाने येते? एरियलने.

विहिरीत खडा टाकला की पाण्यावर लाटा उठतात आणि काठापर्यंत जातात. रेडिओ केंद्राच्या उंच मनोऱ्यावरून तशाच लाटा निघतात, पण त्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांचा वेग प्रकाशाइतका, सेकंदाला तीन लाख किलोमीटर. एरियल म्हणजे एक तार किंवा दांडी. ह्या लाटा तिच्यावर आल्या की तिच्यात अगदी बारीकशी वीज खेळू लागते. ती वीज रेडिओत जाते. रेडिओ तिचा आवाज करतो. एरियलमध्ये लाट पुरेशी आली नाही, तर रेडिओ बिचारा काय करणार? तो नुसती खरखर मोठी करून ऐकवतो.

आत्याच्या रेडिओची दांडी दुसऱ्या सांध्यातच मोडली होती. टीचभर उरली होती. "ही कधी मोडली?" मी विचारले. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. शेवटी सूनबाईंनी सांगितले, की गणपतीत खोली रंगवली, तेव्हा शिडी पडली होती. म्हणजे दोन महिन्यांचे कोडे तिथेच अर्धे सुटले.

दांडी लहान झाली म्हणून एवढे बिघडावे का? एफएमच्या बाबतीत बिघडते. इथे थोडे गणित सांगतो. शाळामास्तराला त्यावाचून चैन पडत नाही.

मुंबईत आकाशवाणीचे एक एफएम केंद्र १००.७ वर लागते. म्हणजे त्याच्या मनोऱ्यावरून सेकंदाला सुमारे दहा कोटी लाटा निघतात. लाट सेकंदात जाते तीस कोटी मीटर. तीस कोटीला दहा कोटीने भागा. आले तीन. म्हणजे एफएमची एक लाट साधारण तीन मीटर लांब. आता मुंबई आकाशवाणीची जुनी मिडियम वेव्ह घ्या. तिचे एक केंद्र आम्ही वर्षानुवर्षे ५५८ किलोहर्ट्झवर ऐकले. तिथे सेकंदाला ५ लाख ५८ हजार लाटा. भागाकार करून पाहा. एक लाट ५३७ मीटर लांब! अर्ध्या किलोमीटरहून मोठी.

एरियल आणि लाट यांच्या मापाचा मेळ बसावा लागतो. लाटेच्या निम्म्या लांबीचे एरियल ती लाट उत्तम झेलते. तीन मीटरचे निम्मे दीड मीटर. तारेचा स्वभाव असा, की त्यातूनही शेकडा पाच कमी धरावे लागते. म्हणजे १४२ सेंटिमीटर. त्याचे मधोमध दोन भाग केले, तर प्रत्येक भाग ७१ सेंटिमीटर. एवढे एकच माप लक्षात ठेवले तरी पुष्कळ काम होते. रेडिओची चांगली दांडी पूर्ण ओढली की त्याच्या जवळपास भरते, ते उगीच नाही.

हे गणित मला पूर्वी ठाऊक नव्हते. त्याची शिक्षा मी भोगली आहे. माझ्या लहानपणी, १९६५ नंतरच्या दिवसांत, आमच्या वडिलांनी हप्त्याने मोठा रेडिओ घेतला होता. तेव्हा रेडिओला लायसन लागे. पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरावे लागत. त्या रेडिओला तांब्याच्या जाळीची लांब पट्टी एरियल म्हणून मिळे. ती आम्ही खोलीच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधली होती. जितके एरियल लांब तितके स्टेशन जोरात, हे तेव्हा सगळी चाळ जाणत होती. मिडियम वेव्हला ते खरेही होते. 'कामगार सभा' लागली की खालच्या मजल्यावरचे लोक आमच्या दारात येऊन उभे राहत.

पुढे एफएम आले. आपल्या देशात ते पहिल्यांदा मद्रासला १९७७ साली सुरू झाले. मुंबईत १९९३ पासून आकाशवाणीच्या एफएमवर खासगी कंपन्यांचे कार्यक्रम होऊ लागले, आणि २००२ पासून खासगी कंपन्यांची स्वतःची केंद्रे बोलू लागली. माझ्या खोलीत एफएम नीट येईना. मी जुन्या अकलेने दहा मीटर तार आणली आणि गॅलरीत कपड्यांच्या दोरीशेजारी तीन फेरे मारून बांधली. काय झाले? होते तेही स्टेशन बिघडले. एका स्टेशनाच्या अंगावर दुसरे बोलू लागले. बायको म्हणाली, "भजनात भांडण घुसलंय." तीन मीटरच्या लाटेला दहा मीटरची गुंडाळी कशी मानवणार? ती चारी दिशांचे बरेवाईट गोळा करून रेडिओच्या तोंडात कोंबत होती. तार काढून टाकली आणि सव्वा हाताचा तुकडा लावला, तेव्हा सुधारले. असो.

आता कोणी विचारील, एफएमला इतके सोपस्कार, तर मिडियम वेव्ह काय वाईट? वाईट नाही. मिडियम वेव्ह लांबवर जाते, डोंगर ओलांडते. पण तिच्यात विजेची कडकड, मोटारीची फरफर सगळे शिरते. एफएममध्ये ते फारसे शिरत नाही. का, ते ढोलावरून सांगतो. समजा, दोन ढोलवाले आहेत. पहिला आपला निरोप ढोल हळू-जोरात बडवून सांगतो. दुसरा निरोप सांगतो तो टिपऱ्या भरभर किंवा सावकाश पाडून. जोर मात्र सारखाच. मध्येच फटाके वाजले, तर पहिल्याचा निरोप बिघडेल, कारण त्याचे सारे जोरावर. दुसऱ्याचा बिघडणार नाही. आपण जोराकडे लक्षच देत नाही, टिपऱ्या मोजतो. पहिली रीत मिडियम वेव्हची, दुसरी एफएमची. ही दुसरी रीत अमेरिकेतल्या एडविन आर्मस्ट्राँग नावाच्या इंजिनिअराने शोधली. १९३३ साली त्याला तिचे पेटंट मिळाले.

पण एफएमची लाट हट्टी असते. ती सरळ रेषेत चालते. बॅटरीच्या झोतासारखी. मनोऱ्यापासून आपल्या एरियलपर्यंत नजर जाईल, तर उत्तम. मध्ये डोंगर आला, लोखंडी सळ्यांच्या इमारती आल्या, की लाट दुबळी होते.

आत्याच्या चाळीसमोर पूर्वी गिरणीच्या पत्र्याची शेड होती. चिमणीच्या मागचे आभाळ दिसायचे. आज तिथे चाळीस-पन्नास मजल्यांचे टॉवर उभे आहेत. ते नुसती लाट अडवत नाहीत. ती परतही फेकतात. घाटात हाक मारली तर ती समोरच्या कड्यावर आपटून पुन्हा ऐकू येते ना? तसेच. एक लाट सरळ येते, दुसरी टॉवरवर आपटून जराशी उशिरा येते. दोघी एरियलवर एकमेकींच्या पायात पाय घालतात. मग स्टेशन जोरात येते, पण फाटके येते. 'स' आणि 'श' चिरका लागतो. खरखर असेल तर समजावे, लाट कमी पडते आहे. आवाज मोठा पण फाटका असेल तर समजावे, लाट दोन वाटांनी येते आहे. ही खूण उपयोगी आहे.

मी आत्याला म्हटले, "आत्या, तुझा रेडिओ बिघडलेला नाही. त्याचा कान तुटलाय, आणि वर त्याच्या कानाशी कोणीतरी कुजबुजतंय."

"कोण कुजबुजतंय?"

ते शोधायला मी नातवाला कामाला लावले. रेडिओ पुन्हा फळीवर ठेवला, आणि घरातली विजेची वस्तू एकेक करून बंद करायला सांगितली. पंखा बंद केला, फरक नाही. टीव्हीचा सेटटॉप बॉक्स बंद केला, थोडा फरक. मोबाइलचा चार्जर काढला, आणखी थोडा. मग फळीच्या बरोबर वरचा एलईडी दिवा बंद केला. चुर्रर्र एकदम खाली बसले. नातू दिवा लावी, बंद करी आणि हसे. ह्या दिव्यांच्या आत वीज बदलणारा छोटा पुरजा असतो. हलक्या बनावटीच्या दिव्यात तो स्वतःच खरखर सोडतो. जुन्या पिवळ्या दिव्यात हे नव्हते. म्हणून रेडिओ त्या दिव्यापासून, चार्जरपासून निदान पाच-सहा फूट दूर ठेवावा. लोखंडी कपाट, लोखंडी कॉट, पत्र्याची पेटी यांनाही चिकटून ठेवू नये.

मग आम्ही एरियल बनवले. सामान नातवाने लॅमिंग्टन रोडवरून आणले. ग्रँट रोड स्टेशनाजवळचा हा रस्ता रेडिओ आणि विजेच्या सामानासाठी प्रसिद्ध आहे. तिथे सुट्टा स्क्रूदेखील मिळतो. गावाकडे ह्या वस्तू टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे मिळतात. फार खर्च नाही.

काय काय लागले ते सांगतो. प्लॅस्टिकचा किंवा लाकडाचा दीड मीटरचा दांडा. आम्ही पडद्याचा जुना लाकडी दांडा घेतला. घरात वीज फिरवताना वापरतात ती तांब्याची साधी तार, दीड मीटर. टीव्हीच्या केबलची गोल काळी वायर, चार मीटर. एक लहान चिमटा आणि चिकटपट्टी.

शिंप्याच्या टेपने ७१ सेंटिमीटरचे दोन तुकडे मोजले आणि कापले. दांड्यावर एक तुकडा डावीकडे, एक उजवीकडे, असे चिकटपट्टीने बसवले. मधोमध त्यांची टोके बोटभर अंतरावर ठेवली. ती एकमेकांना लागता कामा नयेत. मग काळी वायर सोलली. तिच्या पोटात एक जाड तार असते आणि तिच्याभोवती बारीक तारांची जाळी असते. पोटातली तार एका तुकड्याला जोडली. जाळी पिळून तिची दोरी केली आणि दुसऱ्या तुकड्याला जोडली. सांध्यावर चिकटपट्टी गुंडाळली. झाले एरियल!

वायरीचे दुसरे टोक रेडिओकडे नेले. तिथे पोटातली तार चिमट्याने मोडक्या दांडीला लावली. जाळीची तार सेलच्या खणातल्या स्प्रिंगपाशी, म्हणजे सेलचे सपाट टोक टेकते तिथे अडकवली. हे असे जोडणे फक्त सेलवर चालणाऱ्या रेडिओसाठी आहे, हे ध्यानात ठेवा. रेडिओची पिन भिंतीच्या प्लगात असताना आतल्या कशालाही हात लावू नये. रेडिओच्या मागे एरियलसाठी वेगळे भोक किंवा स्क्रू असतील, तर तिथेच जोडावे, खण उघडू नये.

आता एरियल लावायचे कुठे? इथे वाद झाला. नातू म्हणाला, "काका, मी वर छपरावर जातो. कौलांवर बांधला की काम फत्ते." उंची वाढली की एफएम सुधारते, हे त्याचे खरे होते. पण चाळीचे छप्पर जुने. कौले निसटलेली, वासे कुजलेले. आणि छपराला लागून विजेच्या तारा गेलेल्या. हातातला धातूचा दांडा त्या तारेला टेकला तर माणूस जागेवर जातो. मी त्याला साफ नाही म्हटले. आत्याच्या बातम्यांसाठी कोणी जीव धोक्यात घालायचा नाही. गावाकडेही घरावर एरियल उभे करताना आधी वर पाहा. एरियल आडवे कोसळले तर विजेच्या तारेपर्यंत पोचेल काय? पोचत असेल तर ती जागा सोडा. उघड्यावरच्या उंच खांबाला जमिनीत पुरलेली अर्थिंगची तार जाणत्या माणसाकडून जोडून घ्यावी, आणि गडगडाट सुरू होण्याआधीच एरियलची वायर रेडिओपासून आणि खोलीतूनही दूर करावी. अर्थिंग असली तरी हे करावेच.

आम्ही एरियल गॅलरीत, दाराच्या वर, छताखाली आडवे टांगले. कठड्याच्या लोखंडापासून वर आणि लांब. पण टांगले म्हणजे संपले नाही. ह्या एरियलला दिशा असते. त्याच्या लांब अंगासमोरून येणारी लाट ते चांगली झेलते. त्याच्या टोकाच्या रोखाने येणारी लाट त्याला जवळजवळ ऐकूच येत नाही. म्हणून आत्याला कॉटवर बसवून रेडिओ लावला, आणि नातू बाहेर एरियल हळूहळू फिरवू लागला.

"कसं हाय आजी?"

"चांगलं हाय."

"आता?"

"आरं, बिघडवलंस की! व्हता तसा धर."

टॉवरकडे एरियलचे टोक झाले, तेव्हा आवाजाचा फाटकेपणा गेला. टॉवरवरून परतणारी लाट त्या टोकाला ऐकू येईना, आणि सरळ येणारी तेवढी राहिली. तिथेच दोन खिळ्यांवर दांडा बांधून टाकला. कुठल्या जागी आडवे चांगले, तर कुठे उभे धरल्यावर जास्त चांगले लागते. दोन्ही करून पाहावे. कानाला बरे वाटेल ते खरे.

जुन्या लोकांना हा फिरवाफिरवीचा खेळ नवा नाही. १९७२ सालच्या २ ऑक्टोबरला मुंबईत टीव्ही सुरू झाला, तेव्हा गिरगाव, दादर, लालबागच्या चाळींवर मासळीच्या काट्यासारखी एरियले उभी राहिली. सगळ्यांची तोंडे वरळीच्या मनोऱ्याकडे. वारा सुटला की एकजण वर चढे, एकजण खिडकीत उभा राही, आणि एकजण आतून ओरडे, "आलं, आलं! गेलं!" ते काट्याचे एरियल जपानमधल्या यागी आणि उडा ह्या दोघांनी १९२६ च्या सुमारास शोधले. मागचा काटा जरा लांब, तो आरशासारखा लाट पुढे परतवतो. पुढचे काटे आखूड, ते लाटेला वाट दाखवतात. मधल्या काट्याला वायर जोडतात. केंद्र दूर असेल आणि एकाच दिशेला असेल, तर खेड्यातल्या घराला हे एरियल फार चांगले. मुंबईत मात्र लाटेची एवढी टंचाई नसते. तिथे दुखणे बहुधा उलटे असते.

उलटे म्हणजे कसे? माझा एक जुना विद्यार्थी दादरला राहतो. गाण्याचा शौकीन. त्याने महागडा ट्यूनर घेतला. ट्यूनर म्हणजे रेडिओचा स्टेशन पकडणारा भाग, वेगळ्या पेटीत. आवाजाची पेटी निराळी. एका दुकानदाराने त्याच्या गळ्यात 'बूस्टर'ही मारला. हा बूस्टर एरियलमधली वीज वाढवतो. त्याला वाटले, आता काय बहार येईल! तर तीन स्टेशने एकात एक. त्याने मला बोलावले. मी काही इंजिनिअर नव्हे. पण जवळच्या केंद्रांची लाट आधीच जोरदार, ती बूस्टरने आणखी फुगवली, की ट्यूनर गुदमरतो, एवढे कळत होते. माठाला वाटीएवढे भोक आणि वर पंपाचे पाणी सोडले, तर काय होईल? बूस्टर काढला. स्टेशने आपापल्या जागी गेली. आणखी एक गोष्ट. बूस्टर खरखर आणि आवाज यांत निवड करीत नाही. दोन्ही वाढवतो. आधी एरियल नीट करावे. तेवढ्याने भागले नाही आणि केंद्र खरोखर लांब असले, तरच बूस्टरचा विचार करावा.

ट्यूनर किंवा रेडिओ विकत घेताना किंमत पाहण्यापेक्षा दोन स्टेशने पाहावी. एक जोरदार लागणारे आणि त्याला लागून एक दुबळे. दुबळ्यावर काटा नेल्यावर जोरदार मध्ये घुसत नसेल, तर रेडिओ चांगला. काट्याऐवजी आकडे दाखवणारे रेडिओ मिळतात, त्यांत स्टेशन सरकत नाही. डोळ्यांनी अधू माणसाला मात्र काटा फिरवायचे चाक बरे, बोटांना कळते. काही रेडिओंवर स्टीरिओ आणि मोनो असे बटण असते. स्टीरिओत उजव्या-डाव्या कानाला निराळा आवाज येतो, पण त्याला लाट जास्त लागते. खरखर असेल तर मोनो करावे. बातम्या ऐकायला दोन कानांना दोन आवाज कशाला हवेत? काहींवर 'लोकल' आणि 'डीएक्स' असे बटण असते. शहरात लोकल ठेवा, खेड्यात डीएक्स.

मोबाइलमध्येही कधी कधी रेडिओ असतो. तो इंटरनेटवर नव्हे, हवेतल्या लाटेवर चालणारा. त्याला कानात घालायची वायर जोडावी लागते. ती वायरच त्याचे एरियल. म्हणून ती गुंडाळून ठेवू नये, लांब सोडावी. पूर, वादळ अशा वेळी फोनचे जाळे बंद पडले, तरी असा रेडिओ बोलतो. केंद्र सरकारने २०२३ साली मोबाइल बनवणाऱ्यांना ही सोय बंद ठेवू नका, असे कळवले, ते ह्यासाठीच.

संध्याकाळी मी निघालो. आत्या १०७.१ वर गाणी ऐकत होती. मुंबईत आकाशवाणीचे तेही एक केंद्र. नातू माझ्याबरोबर जिन्यापर्यंत आला आणि म्हणाला, "काका, गावाला मामाकडे म्हसवडचं स्टेशन लागतं, पण फुसफुसतं. हेच एरियल नेऊ का?"

म्हसवड आमच्या साताऱ्याच्या माण तालुक्यात आहे. तिथे २००८ पासून 'माणदेशी तरंग' हे लोकांचे छोटे रेडिओ केंद्र आहे. ते ९०.४ वर लागते. मी म्हटले, "हेच नको. आकडा लहान झाला की लाट लांब होते. हिशेब कर. १४२ पूर्णांक ५ दशांशला स्टेशनाच्या आकड्याने भाग. येईल ती सगळ्या एरियलची लांबी, मीटरमध्ये. तिच्या निम्मा एक तुकडा."

त्याने मोबाइल काढला. मी त्याला तो खिशात ठेवायला लावला आणि जिन्याच्या भिंतीवर बोटाने भागाकार करायला लावला. दुसऱ्या खेपेला उत्तर बरोबर आले. एक मीटर ५८ सेंटिमीटर. म्हणजे एकेक तुकडा ७९ सेंटिमीटरचा.

वरून आत्याची हाक आली, "आरं, ती वायर कुणी हलवली? गाणं बारीक झालं!" गॅलरीत शेजारणीने आमच्या दांड्यावर ओला टॉवेल वाळत घातला होता.